सेहेचाळिसावे पृष्ठ

अवधान हा गुण ज्याच्या ठायी असतो त्याला त्याचे श्रेय क्वचितच मिळते. शौर्य दिसते, औदार्य दिसते, विद्वत्ता तर कोणी न विचारताही दिसते. अवधान मात्र पूर्णत्वाला पोहोचले की दिसेनासे होते. नीट शिवलेल्या पुस्तकाचा टाका वाचकाच्या नजरेस कधी पडत नाही. पान उलटते, पुस्तक उघडे राहते, वाचणारा मजकुरात बुडून जातो, आणि ज्याच्या बोटांनी हे सारे घडवले तो कुठल्याशा जिन्याखाली पुढच्या पुस्तकाची पाठ सोलत बसलेला असतो. परंतु या गुणाला कृष्णपक्षही आहे. त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. अवधान स्वतःवरच खिळले की हात थांबतो. दोष राहू नये या चिंतेत वस्तूच राहून जाते. ज्यांची ही हकिगत आहे त्यांच्यात हा गुण दोन्ही पक्षांसह नांदत होता.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या जिन्याखाली तिरप्या छताची एक खोली होती. आत जाताना उंच माणसाला मान वाकवावी लागे. पुढे जाऊन ज्याने मान वर केली त्याचे डोके पायरीच्या तळाला आपटे. तीन तपांहून अधिक काळ तिथे फाटक्या पुस्तकांची बांधणी करणाऱ्या गृहस्थांचे खरे नाव हजेरीपटापुरते होते. लहानथोर सगळे त्यांना खळकाका म्हणत. रोज सकाळी ते मैद्याची खळ शिजवत, तिला कसर, म्हणजे पुस्तके पोखरणारी कीड, लागू नये म्हणून चिमूटभर विषारी मोरचूद टाकत, आणि ती निवेपर्यंत आदल्या दिवशीची पुस्तके शिकंज्यातून सोडवत. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि मध्ये लोखंडी स्क्रू. ओली पुस्तके त्यात आवळून ठेवली की सरळ सुकतात.

त्यांच्याकडे सर्वांत जास्त येत ती मुलांची अक्षरओळखीची पुस्तके. चावलेली, चाटलेली, पाण्यात पडलेली, भावंडांच्या ओढाताणीत दुभंगलेली. काका प्रत्येकाची नोंद एका वहीत करत: कोणते पान फाटले, कशाने फाटले, कडा कुठवर मळल्या. ही वही ठेवायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. बत्तीस वर्षांच्या नोंदींतून एकच गोष्ट पुनःपुन्हा वर येत होती. पहिली पाने जीर्ण, चिकट, तेलकट. मधे 'ट'च्या आसपास मळ विरळ होत जाई. आणि शेवटची पाने छापखान्यातून निघाली तशी कोरी करकरीत. निम्म्यावर कोणीतरी कंटाळत होते. आधी मूल कंटाळते की शिकवणारा, याचा उलगडा वहीतून होत नव्हता. परंतु दोष चित्रांचाही आहे असे काकांचे मत होते. जे मुलाने कधी हातात धरले नाही त्याचे चित्र दाखवून अक्षर कसे शिकवायचे? अननस किती घरांत येतो? धनुष्यबाण कोणी पाहिला आहे?

हे मत त्यांनी बत्तीस वर्षे मनातच ठेवले. मग त्यांची नात त्या खोलीत येऊन बसू लागली.

काकांची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी झालेली. तिथे जागा मिळेपर्यंत ती लेकीला घेऊन वडिलांकडे राहायला आली होती. दुकानाच्या वेळा विचित्र, म्हणून चार वर्षांची नात दिवसभर जिन्याखाली. ती एका जागी ठरत नसे; ग्रंथपालबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिचे नाव भिंगरी ठेवले. तिने खळीच्या भांड्यात बोट घालून ते चाटले, त्या दिवसापासून काकांनी खळीत मोरचूद घालणे बंद केले. उभ्या आयुष्यात कामात केलेली ही त्यांची पहिली ढिलाई.

"शाळा सुरू होईपर्यंत आहोत आम्ही इथे," मुलगी म्हणाली. "आठ महिने धरा."

त्याच दिवशी काकांनी ठरवले की, भिंगरी जाण्याआधी तिच्यासाठी अक्षरांचे पुस्तक करायचे. सगळी पाने सारखी मळतील असे.

मुलीने ऐकले, आणि डबा भरता भरता म्हणाली, "बाजारात ढीगभर मिळतात की, बाबा."

"ढीगभर मिळतात, आणि निम्मी माझ्याकडे येतात."

"अख्ख्या गावातल्या पोरांची पुस्तकं सांधलीत तुम्ही. मला एक शिवलं नाहीत कधी. कापून उरलेल्या पट्ट्यांवर अक्षरं गिरवली मी. बोटभर रुंदीच्या पट्ट्या! अजून माझं अक्षर बघा, मुंगीच्या पायाएवढं येतं. गिऱ्हाइकं चिठ्ठी वाचायला भिंग मागतात."

ती हसली. काकांनी दोऱ्याला मेण लावायला घेतले. त्या दोऱ्याला मेण आधीच लावलेले होते.

पुस्तकाची सुरुवात त्यांनी बाहेरून केली. बारा स्वर, छत्तीस व्यंजने, एकूण अठ्ठेचाळीस अक्षरे. एकेका अक्षराला एक पृष्ठ. सोळा पृष्ठांच्या तीन घड्या. वर्षानुवर्षे जपून ठेवलेला जाड, मऊ कागद त्यांनी काढला, घड्या घातल्या, टोचले, शिवले, पाठीला कापड लावले, आणि पुठ्ठा चढवला. उघडले की टेबलावर सपाट पडे आणि मिटले की आवाज न करता मिटे. आत एक अक्षर नव्हते.

बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर हा काकांचा शाळासोबती. चित्रे आणि अक्षरे काढण्याचे त्याने कबूल केले होते. त्याने ते कोरे पुस्तक उलटसुलट करून पाहिले.

"अरे खळ्या, जगात आधी मजकूर होतो, मग बांधणी. तू टोपी शिवून बसलास, आता डोकं शोधत फिरणार?"

"हात ऐकतोय तोवर शिवून घेतलं," काका म्हणाले.

पेंटरने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात, काही धरलेले नसतानाही, काहीतरी चोळल्यासारखी बारीक हालचाल चालू होती. वर्षभरापूर्वी ती नव्हती. पेंटरने पुस्तक मिटून परत दिले आणि म्हणाला, "यादी आण. चार दिवसांत उडवतो."

इथे ती अडचण उभी राहिली, जी फक्त बांधणी करणाऱ्यालाच पडू शकते. शिवलेल्या पुस्तकात प्रत्येक पानाला जोडपान असते. एकच कागद मधून दुमडून घडीत बसतो; अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. चुकलेले पान फाडले की दहा-बारा पृष्ठांपलीकडचे निर्दोष जोडपान सैल होऊन हातात येते. ही गोष्ट काकांइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? म्हणून या पुस्तकात चूक होऊन चालणार नव्हती, आणि म्हणून यादी आधी पूर्ण, निःशंक व्हायला हवी होती.

काकांनी नियम केला: भिंगरीने स्वतःच्या हाताने जिला स्पर्श केला आहे अशीच वस्तू. मग ते संशोधनाला लागले. बालविभागात पोरांच्या घोळक्यात बसून विचारू लागले, "आज कशाकशाला हात लावलास?" उत्तरांचा असा काही गलका उठे की वाचणारे मान वळवून बघत.

"काका," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पोरांना गप्प करण्याचा पगार घेतो आम्ही. तुम्ही फुकटात बोलतं करताय!"

दुपारी भिंगरीचे बोट धरून ते हिंडत. 'अ'साठी तिने कुंडीतली अळी उचलली. 'आ' आरशाचा, 'उ' उशीचा. 'इ'साठी काकांनी इस्त्री लिहिली, तेव्हा मुलगी म्हणाली, "आणि पोरीनं हात लावून बघितला तर? तुमच्या नियमाला मलम कोण लावणार?" इस्त्री खोडली गेली. 'ठ'ला ग्रंथालयाचा ठसा मिळाला. तो तिने स्वतःच्या कपाळावर उमटवून पाहिला होता. 'ढ'पाशी आठवडा गेला. सगळ्या पुस्तकांत ढग असतो, आणि ढगाला कोणाचा हात लागत नाही. शेवटी रस्ता खणत होते तिथे भिंगरीने मातीचे ढेकूळ उचलून काकांच्या खिशात घातले. 'ष'ला षटकोन छापतात. काकांनी कटिंग यंत्राचा सहा बाजूंचा लोखंडी नट काढून तिच्या मुठीत दिला, आणि यंत्र दोन दिवस बंद राहिले. 'ऊ'साठी ती पायरीवरच्या उन्हात तळहात पसरून म्हणाली, "हे लागतं की हाताला!" काका हर्षभरित होऊन पेंटरकडे गेले.

"काढतो ऊन," पेंटर म्हणाला. "पोरं त्याला पिवळी चादर म्हणतील."

ऊनही खोडले गेले.

असे पाच महिने गेले. यादीच्या दोन वह्या भरल्या. एखादी वस्तू पक्की होई, आणि तिसऱ्या दिवशी काकांना शंका येई: ही वस्तू दुसऱ्या घरी असेल का? चित्रात ती दुसऱ्याच कशासारखी दिसेल का? पेंटर विचारी, "खळ्या, पोरीसाठी पुस्तक करतोयस की देशाची घटना लिहितोयस?" काका म्हणत, "घटनेत दुरुस्त्या करता येतात." आणि हसत नसत.

एके दुपारी ते एका जाड कोशाच्या पाठीला खळ लावत होते. मन अडले होते 'ळ'पाशी. हे अक्षर वर्णमालेच्या अगदी शेवटाकडे. त्यांच्या वहीनुसार जिथे कोणाचे बोट पोहोचत नाही अशा पानांतले. बाळ म्हणावे, तर भिंगरीने बाळ कधी हातात घेतले नव्हते. फळ म्हणावे, तर कोणते? ते स्वतःशीच पुटपुटले, "ळ कशातला घ्यावा..."

"खळीतला," टेबलाखालून भिंगरी म्हणाली. जणू हे कोण विचारते!

काका थबकले. जी वस्तू ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताळत होती, चाटत होती, केसांना माखून घेत होती, ती दोन वह्यांत एकदाही आली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आणि मग, पेंटरची वाट न पाहता, यादी पूर्ण नसताना, त्यांनी कपाटातून ते पुस्तक काढले, शेवटाकडून तिसरे पृष्ठ उघडले, आणि पेन्सिलीने खळीचे भांडे काढायला घेतले.

हात त्यांचा राहिला नव्हता. भांड्याचा काठ वाकडातिकडा, दातेरी उमटला. ब्रशची दांडी तीन ठिकाणी मोडल्यासारखी झाली. 'ळ' काढला, तो थंडीने कुडकुडणाऱ्या माणसासारखा. भिंगरी टेबलावर चढली, "खळ!" म्हणून ओरडली, आणि खळीने माखलेला अंगठा तिने चित्रावर दाबला.

काकांनी पुस्तक मागे ओढले. त्यांचा चेहरा पाहून पोर टेबलावरून खाली उतरली. सेहेचाळिसावे पृष्ठ. ते फाडावे तर त्याचे जोडपान 'ब' आणि 'भ'चे, ते सुटणार. नवे शिवावे तर ज्या हाताने भांडे काढता आले नाही, तो दोऱ्याला सुईतून कसा नेणार? त्यांनी पानांमध्ये कोरा कागद घातला, पुस्तक कोपऱ्यातल्या जुन्या, वापरात नसलेल्या शिकंज्यात ठेवले, आणि स्क्रू आवळला. त्यानंतर त्यांनी ते बाहेर काढले नाही. पेंटरने विचारले की म्हणत, "यादी होऊ दे."

एक्केचाळीस अक्षरे पक्की झाली होती, सात राहिली होती, तेव्हा मुलगी दुकानातून धावतच आली. नवऱ्याच्या गावी जागा अपेक्षेआधीच मिळाली होती. शनिवारी निघायचे. आठ महिन्यांचे सहाच झाले.

"एक्केचाळीस तरी काढून देतो," पेंटर म्हणाला. "आज बसतो, उद्या देतो."

"आणि सात?"

"सात कोरी राहिली तर पोर मरत नाही, खळ्या!"

काका मान हलवत राहिले. नाही म्हणत होते की कंप मानेपर्यंत पोहोचला होता, हे पेंटरला कळले नाही.

शुक्रवारी मुलगी घरी सामान बांधत होती. माळ्यावरच्या पेटीत तिला जुने कपडे सापडले, आणि कपड्यांच्या तळाशी तळहाताएवढे एक पुस्तक. निळे कापड, पाठीवर बारीक वेलबुट्टी. आत सगळी पाने कोरी. पहिल्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला काकांच्या अक्षरात तिचे लाडाचे नाव, आणि ती चार वर्षांची होती तेव्हाचे साल.

"बाबा, हे काय आहे?"

काका खुर्चीत बसले होते. "तुझं आहे ते."

"कोरं आहे."

"यादी पक्की झाली नव्हती. मी 'ट'पर्यंत आलो होतो." ते थांबले. "मग तू शाळेत जायला लागलीस."

भिंगरी पेटीत शिरून बसली होती. तिला बाहेर काढण्याचे निमित्त करून मुलीने पाठ फिरवली. तशीच पाठमोरी ती म्हणाली, "मला चुकलेलं चाललं असतं, बाबा."

काकांच्या मनात आले की आत्ता उठावे, ग्रंथालयात जावे, शिकंजा सोडवावा. ते उठलेही. दारापर्यंत गेले. तिथे त्यांच्या डोळ्यांपुढे ते भांडे आले, दातेरी काठाचे, आणि त्या 'ळ'कडे पाहणारे नव्या गावातल्या मुलांचे आईबाप आले, ज्यांना ते कधी भेटणारही नव्हते. ते परत येऊन बसले.

"आठ दिवसांत पोस्टाने पाठवतो," ते म्हणाले.

मुलीने निळे पुस्तक आपल्या पिशवीत ठेवले. शनिवारी त्या दोघी गेल्या.

पुढे दर आठवड्याला फोन येई. "आजोबा, पुस्तक?" "येतंय, येतंय." 'ओ' पक्का झाला. 'थ' झाला. पाच अक्षरे राहिली. पेंटर येई, स्टुलावर बसे, विडी न पेटवता तोंडात धरून ठेवी, आणि काका यादी वाचत ती ऐके. शाळा सुरू झाली. एके दिवशी भिंगरीने फोनवर पुस्तकाचे विचारलेच नाही, ती म्हणाली, "आजोबा, मला वाचता येतं आता. मी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचते."

काकांनी ही वार्ता पेंटरला सांगितली. "आनंदाची गोष्ट आहे," ते म्हणाले.

"पाट्या वाचते म्हणजे आमचं गिऱ्हाईक झाली," पेंटर म्हणाला. दोघेही हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांनी खळ शिजवली नाही. पुस्तके तशीच पडून राहिली.

त्यानंतर ते सात महिने जगले. कामावर रोज येत. सुई पेंटर ओवून देई. एका सकाळी ग्रंथपालबाईंना जिन्याखालून खळीचा वास आला नाही. त्यांनी माणूस धाडला. काका घरी खुर्चीत होते, एका पायात चप्पल घातलेली, दुसरी हातात.

मुलगी भिंगरीला घेऊन आली. खोली रिकामी करून द्यायची होती. कोपऱ्यातल्या जुन्या शिकंज्याचा स्क्रू गंजून बसला होता. पेंटरने दोन्ही हातांनी जोर लावून तो सोडवला. पुस्तक सपाट, घट्ट, सुंदर होते. फक्त पाठीच्या एका टोकाला कापडाखाली कसर शिरून बारीक भोके पडली होती.

"हे कसं झालं?" पेंटर म्हणाला. "मोरचूद विसरणारा माणूस नव्हता हा."

मुलीने पाने उलटली. कोरे, कोरे, कोरे. तिला वाटले, हेही तसेच. मग शेवटाकडे तिचा हात थांबला. भिंगरी आता सहा वर्षांची होत आली होती. ती आईच्या कोपराखालून डोकावली.

"ही खळ आहे," ती म्हणाली. आणि चित्रावरच्या वाळून पिवळ्या पडलेल्या डागावर तिने अंगठा ठेवून पाहिला. डाग लहान होता. अंगठा त्याच्याबाहेर आला. "हा मीच केलाय. आजोबा रागावले होते."

"रागावले नव्हते," मुलगी म्हणाली. 

जिन्याखालच्या खोलीत हल्ली झाडू आणि बादल्या ठेवतात. काकांनी सांधलेली पुस्तके अजून घरोघर जातात आणि परत येतात. आता एखादे फाटले तर ते रद्दीत निघते. यादीच्या वह्या पेंटरकडे आहेत. त्यांत त्रेचाळीस अक्षरे पक्की आहेत. दोन्ही पुस्तके मुलीच्या घरी एका फळीवर आहेत. निळे पूर्ण कोरे आहे. दुसऱ्याची सत्तेचाळीस पृष्ठे कोरी आहेत, आणि सेहेचाळिसाव्याची कड मळली आहे.